एका नदीवरची दोन घड्याळं

ग्वादियाना नदीच्या पूर्वेला स्पेनचं आयामोन्ते, पश्चिमेला पोर्तुगालचं व्हिला रेआल दे सांतो आंतोनिओ. मधे फेरीबोटीची पंधरा-वीस मिनिटं. सीमेवरची तपासणी उठवणाऱ्या शेंगेन करारामुळे पासपोर्टवर शिक्का नाही, दोन्हीकडे युरोच. बदलतं फक्त घड्याळ, पोर्तुगालचं एक तास मागे. आयामोन्तेहून दहाला सुटलेली बोट पलीकडे सव्वानवाला लागते. उलट्या दिशेने दहाला निघालेली सव्वाअकराला. वेळापत्रकात प्रत्येक काठ आपलीच वेळ छापतो. वर मोबाइल मधूनच समोरचा टॉवर पकडून गुपचूप एक तास इकडेतिकडे करतो. तेव्हा काठावर मुक्काम असेल तर वेळ आपोआप बदलायची सोय बंद ठेवावी. शेवटची बोट चुकली की उरतो पूल. तो गावाबाहेर, आणि हमरस्त्याचा असल्याने पायी जायची सोय नाही.

ही गंमत सूर्याची नाही. 1940 साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनने काटे एक तास पुढे केले, ते पुढेच राहिले. पोर्तुगालनेही 1992 ते 1996 हा प्रयोग करून पाहिला, पण हिवाळ्यात पोरांना अंधारात शाळेला जावं लागे, सोडून दिला.

स्पॅनिश माणूस फार उशिरा जेवतो, असं प्रवासी हमखास सांगतात. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोनला, पोर्तुगालमध्ये एकला. पण स्पेनचे दोन म्हणजेच पोर्तुगालचा एक! दोन्ही काठांवर पोटात कावळे एकाच वेळी ओरडतात. रात्री मात्र स्पेन खरोखरच रेंगाळतो. जूनअखेरीस तिथे दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, मग आठ वाजता टेबल कोण लावणार? आठला भूक लागली तर बारमध्ये काहीबाही खाऊन वेळ काढावा.

खरा फरक टेबलावर दिसतो. पोर्तुगालमध्ये बसताक्षणी वेटर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज आणून ठेवतो. याला म्हणतात कुव्हेर. पाहुणचार समजून हात घातला की फसलात, प्रत्येक जिन्नस वेगळा बिलात येतो. मागवलं नसेल आणि शिवलंही नसेल तर पैसे घेता येत नाहीत, कायदाच तसा आहे. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगावं. एक ऑलिव्ह चाखून बशी सरकवण्यात अर्थ नाही. याउलट स्पेनमध्ये ग्रानादाला पेय मागवलं की सोबत खाण्याची छोटी बशी फुकट येते. ती सवय बार्सिलोनात नेली तर बिल पाहून घशाला कोरड पडेल.

आभार मानतानाही जपावं. स्पेनमध्ये सगळ्यांना एकच ‘ग्रासियास’. पोर्तुगीजमध्ये पुरुष ‘ओब्रिगादो’ म्हणतो, बाई ‘ओब्रिगादा’. लिंग बोलणाऱ्याचं, ऐकणाऱ्याचं नव्हे. समोर बाई आहे म्हणून पुरुषाने ‘ओब्रिगादा’ म्हणणं ही नेहमीची चूक. स्पॅनिश रेटून पोर्तुगालमध्ये काम भागतं, कारण त्यांना ती बरीच कळते. उलटं अवघड, पोर्तुगीज माणूस अर्धे स्वर गिळतो. शब्दही दगा देतात: ‘पोल्व्हो’ म्हणजे पोर्तुगालमध्ये ऑक्टोपस, स्पेनमध्ये धूळ.

वारांच्या बाबतीत स्पेन आपल्याला जवळचा. लूनेस चंद्राचा, मार्तेस मंगळाचा, मिएर्कोलेस बुधाचा, हुएवेस गुरूचा, विएर्नेस शुक्राचा. थेट आपलेच वार. पोर्तुगालने ग्रहांना रजा देऊन आकडे लावले. रविवार पहिला धरला, म्हणून सोमवार ‘सेगुंदा’, दुसरा. दुकानाच्या पाटीवरही नुसते 2 आणि 6 असतात, म्हणजे सोमवार ते शुक्रवार. सोमवारपासून मोजणारा माणूस ‘दुसरा’ म्हणजे मंगळवार समजतो आणि सोमवारी बंद असलेल्या खानावळीच्या दारात सोमवारीच जाऊन उभा राहतो. शनिवार-रविवारी हा घोळ नाही. साबादो आणि दोमिंगो दोन्ही काठांवर तेच.