कालकथांची वही : ३९ मिनिटांचा फेरा

गेल्या नोंदीनंतर वही बरीच पुढे सरकली आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी ठाण्यात राहतो आणि ठाण्याच्याच नकाशावर अशी जगं रचतो, जिथे काळाचा एकच नियम बदललेला असतो. यानं नाहीत, यंत्रं नाहीत, भविष्यातून आलेला पाहुणाही नाही. नियम एकदा ठरला की गोष्टीच्या सोयीसाठी त्याला सूट द्यायची नाही. आणि तो सोसायटीच्या मीटिंगपर्यंत, किराण्याच्या उधारीपर्यंत झिरपलाच पाहिजे. नाहीतर ती नुसती कल्पना राहते, जग होत नाही.

घोडबंदर रोडच्या टॉवरचं जग बाजूला ठेवलं. जमिनीपासून वर जावं तसं घड्याळ जरासं जोरात चालतं, हे आता मोजून सिद्ध झालंय. पण चाळिसाव्या मजल्यावरही हा फरक वर्षाला अर्धा मायक्रोसेकंदसुद्धा भरत नाही. तो गोष्टीपुरता वाढवावा लागतो, आणि उंचीचा काळ घेऊन आधीच चांगलं लिहिलं गेलंय. आपण कशाला पाणी घालायचं?

खरा रंग भरला तो ३९ मिनिटांच्या जगात. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईने ती सहजासहजी स्वीकारली नाही. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि ती शहरात स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकून राहिली. माझ्या जगात मुंबईने ती सोडलेलीच नाही. आणि हा फरक नुसता भिंतीवरच्या घड्याळांचा नाही, खराखुरा आहे. ठाणे-मुंबईच्या हद्दीवरचा आनंदनगर नाका ओलांडून मुलुंडला गेलात की तुम्ही ३९ मिनिटं मागे, परत आलात की तेवढेच पुढे. इथवर हिशोब चोख.

आता मेख. काळ फक्त आनंदनगर नाक्यावर बदलतो. मुलुंडहून खाडीपार, मुंबईबाहेर नेणाऱ्या ऐरोलीच्या पुलावर बदलत नाही.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. ठाण्याहून आनंदनगर, मुलुंड, तिथून पूल ओलांडून ऐरोली, मग दिघा, विटावा, कळव्याचा खाडीपूल आणि पुन्हा ठाणे. हा फेरा पुरा केला की ३९ मिनिटं पदरात पडतात आणि ती परत करावी लागत नाहीत. पहाटे तीनला निघून अर्ध्या तासात फेरा मारलात, तर पोचाल दोन एक्कावन्नला. म्हणजे निघण्याच्या नऊ मिनिटं आधी. स्टेशनबाहेर चहावाल्यापाशी तुम्हीच उभे असाल, हेल्मेट हातात, अजून निघायचे.

तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलने १९४९ साली, आइन्स्टाइनच्या सत्तरीच्या वर्षी, त्याच्याच समीकरणांतून असं एक फिरतं विश्व काढून दाखवलं होतं. त्यात प्रकाशाचा वेग न ओलांडता, सतत पुढेच जात राहून, स्वतःच्या भूतकाळात पोचता येतं. मला इतकं विश्व नको होतं. ठाणे-बेलापूर रोडवर भागलं.

नायक आहे जेवण पोचवणारा पोरगा. उशीर झाला की पैसे कापतात, म्हणून तो फेरे मारू लागतो. इथे माझ्या अटीने मला खिंडीत गाठलं. दिवसाउजेडी तो फेरा ३९ मिनिटांत होणं शक्य आहे का? ऑफिसच्या वेळी नुसतं मुलुंड पार करून दाखवा! दीड तास लागला, तर ३९ मिनिटं मिळूनही तो एक्कावन्न मिनिटं उशिराच पोचणार. मागे जाता येतं ते फक्त मध्यरात्रीनंतर. मग ही बातमी फुटते, आणि पहाटे तीनला सगळं ठाणं गाड्या काढून आनंदनगरला रांगेत. झाला ट्रॅफिक, संपलं मागे जाणं. स्टीफन हॉकिंगने १९९२ मध्ये असा तर्क मांडला की भौतिकशास्त्राचे नियमच भूतकाळात जाण्याची वाट रोखत असावेत. माझ्या गोष्टीत ते काम वाहतूककोंडी करते, आणि मला हे उत्तर मनापासून पटतं.

अजून एक गोष्ट लिहिता लिहिता सापडली. घड्याळ मागे येतं, पण टाकीतलं पेट्रोल परत येत नाही. पोराचं वयही नाही. रात्रीत दहा फेरे मारले की अंगावर पाच तास चढतात, आणि घड्याळ मात्र दीड तास मागे. महिन्याभरात त्याची आई म्हणते, "अरे, काल तर दाढी केलीस ना?" हे वाक्य ठेवणार आहे, बाकीचा प्रसंग अजून बोजड आहे.

उलटा फेरा मारणारेही आहेत. कळव्याकडून निघून आनंदनगरहून आत आलं, की स्वतःची तीस मिनिटं जातात आणि जगाची एकोणसत्तर. दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री तिकडे कोण गर्दी करत असेल, ते सांगायला नको.

दुसरं जग खाडीचं. चेंदणी कोळीवाड्यातले एक काका मला भरतीचं गणित शिकवत होते. "तिथीची पाऊणपट कर, तेवढे वाजता भरती. खाडीत आत पाणी चढायला अजून थोडा वेळ धर." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे खाडीत बाराच्या सुमारास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्याचं हे तोंडी वेळापत्रक. मी लगेच वहीत उतरवून घेतलं.

नियम असा: नवरा पाण्याच्या काळात राहतो, बायको उन्हाच्या. भरतीच्या टोकाला, दिवसातून दोनदा, तो तिच्या काळात येतो, तेवढंच. पौर्णिमा-अमावास्येला तो भर दुपारी आणि मध्यरात्री उगवतो. ती एकदा बँकेत, एकदा झोपेत. सकाळचा चहा एकत्र होतो तो दशमी-एकादशीच्या आसपास. त्यात एकादशीला तिचा उपास, म्हणजे पोह्यांची बशी त्याच्या एकट्याच्या पुढ्यात. उरली दशमी.

हे जग रखडलंय ते पंचांगामुळे. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकण्याचा अवधी, आणि चंद्राचा वेग सारखा नसल्याने तो कमीजास्त होतो. एखादी तिथी दोन सूर्योदयांना पुरते, ती वृद्धी. एखादीच्या वाट्याला सूर्योदयच येत नाही, तो क्षय. दशमीची वृद्धी झाली तर या दोघांना दोन सकाळी पोहे मिळायला हवेत. पण भरती तिथीच्या नावावर थोडीच थांबते? दुसऱ्या दशमीला पाणी पन्नास मिनिटं उशिराच चढणार, आणि तिची बस निघून गेलेली असणार. नियमाला सूट नाही, त्यामुळे आता जुनी पंचांगं घेऊन वृद्धी दशम्या शोधतोय. घरात कुणाकडे रद्दीत न गेलेली असतील तर कळवा, ठाण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.