तुम्ही विचारलंत म्हणून: जंतूंच्या पोटॅशियमचा उपयोग काय?

एका पेशीच्या जंतूंमध्ये पोटॅशियम आणि कॅल्शियम आत-बाहेर कसं होतं, हा माझा अभ्यासाचा विषय. त्याबद्दल पालकसभेत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत भेटलेले जुने विद्यार्थीही विचारतात. “मॅडम, इतकी वर्षं त्याच्यातच आहात, पण उपयोग काय हो?”

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं: “यातूनच उद्याची औषधं निघतात.” हे मी बंद केलं, त्याला कारण आमचे काका.

यंत्रमागावर आयुष्य गेलेला माणूस, मूत्रपिंडं निकामी झालेली. एका रात्री रक्तातलं पोटॅशियम सातच्या वर, म्हणजे धोक्याच्या पातळीवर गेलं. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम ग्लुकोनेट सोडलं. मावसभाऊ माझ्याकडे वळला. “ताई, कॅल्शियम दिलं म्हणजे पोटॅशियम उतरणार की? तुझा तर हाच विषय.” मी म्हटलं, “त्यानं उतरत नाही रे. हृदयाचे ठोके बिघडू नयेत म्हणून दिलंय. ते शरीराबाहेर काढायला डायलिसिस लागेल.” खरं तेच सांगितलं. पण त्याला हवं होतं ‘हो’. मावशी भिंतीकडे बघत म्हणाली, “मग एवढं शिकून त्या किड्यांचं काय केलंस गं?” मी काय सांगणार? की माझ्या जंतूंमधलं कॅल्शियम आणि या सलाईनमधलं कॅल्शियम यांची कामंच वेगळी? तिथे, त्या बाकावर? गप्प बसले. काका त्या रात्री तरले. पुढच्या उन्हाळ्यात गेले.

आता माझं काम. तलावाच्या पाण्यात ज्वारीचा कडबा कुजवला की वास सुटतो आणि थेंबाथेंबात पॅरामिशियम, म्हणजे एका पेशीचे पोहणारे जंतू, सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला लागतात. धडकलं की मागे सरतं, दिशा बदलून पुन्हा निघतं. धडकेसरशी पेशीत कॅल्शियम शिरतं, सिलिया, म्हणजे अंगावरचे केसांसारखे पोहायचे तंतू, उलटे हलतात. तेच कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनामार्फत पोटॅशियमचे चॅनेल, म्हणजे पेशीच्या पटलातली दारं, उघडतं. पोटॅशियम बाहेर पडतं, पटलावरचा विद्युतदाब पूर्ववत होतो. म्हणजे जो गोंधळ घालतो, तोच आवरतो! शास्त्रज्ञ चिंग कुंग यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं अभ्यासलेल्या पॅरामिशियमच्या काही वाणांत कॅल्मोड्युलिनमधलं एखादंच अमिनो आम्ल बदललंय. कॅल्शियम आत येतं, पण हे चॅनेल नीट उघडत नाहीत. ते बिचारे जंतू मागे जातात ते जातच राहतात.

याहून साधी रचना उष्ण जागी राहणाऱ्या, मिथेन बनवणाऱ्या एका आर्कियात (जिवाणूंसारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातला एकपेशीय जीव) आहे. पोटॅशियमच्या चॅनेलखाली प्रथिनाचं कडं असतं. कॅल्शियम चिकटलं की कडं पसरतं आणि वरचं दार ओढून उघडतं. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांच्या गटानं २००२ मध्ये त्या उघड्या दाराची रचना दाखवली. २००३ मध्ये आयन चॅनेलवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

याचा काकांना काडीचा उपयोग नव्हता. मग मी हे का करते? बघायला आवडतं म्हणून. सरकारी पगारावर ‘आवडतं’ हे उत्तर चालतं का, यावर माझंच माझ्याशी जमलेलं नाही. नोबेलचं नाव घेतलं की विचारणारे गप्प होतात, हे मला ठाऊक आहे. आणि खरं सांगू? कधी कधी मला त्यांना गप्पच करायचं असतं.