सही सरांची, सर बार्बिलला

परवा शेजारचा पोरगा विचारत होता, खाण मॅनेजरच्या सर्टिफिकेटची परीक्षा अवघड असते का म्हणून. परीक्षेचं काय घेऊन बसलास! माझ्या वेळी मायनिंगची पदवी असली की डीजीएमएसचा, म्हणजे खाण सुरक्षेच्या केंद्रीय खात्याचा, कायद्याचा तेवढा एक पेपर होता. त्यात १९५२ चा खाण कायदा आणि धातूंच्या खाणींची १९६१ ची मेटॅलिफेरस रेग्युलेशन्स. बेंचच्या, म्हणजे खाणीत कापलेल्या पायऱ्यांच्या, उंची-रुंदीचं १०६ नंबरचं रेग्युलेशन मला अजून तोंडपाठ आहे. पहिल्या फटक्यात सुटलो. त्याआधी अडकलो तो अर्जाला जोडायच्या अनुभवाच्या दाखल्यात.

७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टानं आमच्या गोव्यातल्या ८८ खाण-लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खनिज काढणं थांबलं. मी सांग्याकडे एका खाणीवर शिफ्ट बघत होतो. पुढचे काही महिने पगार चालू होता; काम एवढंच, की पिटातलं पाणी उपसायचं आणि दरड कुठे सुटतेय का बघायचं. मग घरी बसवलं. दाखला मागायचं तेव्हा सुचलंच नाही. आज ना उद्या खाण सुरू होईल, असं सगळेच म्हणत होते.

परीक्षेचा अर्ज भरायला घेतला तेव्हा कंपनीच्या ऑफिसनं लेटरहेडवर पत्र दिलं: अमुक ते तमुक तारीख ‘इंजिनिअर’, वर्तणूक चांगली. वर्तणूक घेऊन काय करू? खाणीचं नाव नाही, ओपनकास्टचा, म्हणजे उघड्या खाणीचा, उल्लेख नाही. अनुभव खाणीचा मोजतात, कंपनीचा नाही. दुसऱ्या पत्रात खाण आली, पण शेवटची तारीख ऑगस्टची. म्हटलं, अहो, खाण मार्चमध्येच बंद पडली. क्लार्क शांतपणे म्हणाला, “पगार ऑगस्टपर्यंत झालाय ना? मग तुम्ही कामावरच होता.” तिसऱ्या पत्रात तारीख बरोबर, सही एचआरची. मला हवी खाणीच्या मॅनेजरची. आणि आमचे मॅनेजर तोवर नवी नोकरी धरून ओडिशात, बार्बिलला.

“ते आता आमचे नव्हेत,” ऑफिस म्हणालं. यात तीन महिने गेले. शेवटी मीच सरांना फोन लावला. ते चतुर्थीला फोंड्याला घरी यायचे होते. गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली पाट सरकवून त्यांनी कागद मांडीवर घेतला, तारखा दोनदा वाचल्या, सही केली. खाली स्वतःच्या सर्टिफिकेटचा नंबर आणि त्या खाणीवर मॅनेजर होते तो काळही लिहिला. मी सांगितलं नव्हतं. नेवऱ्या (आमच्याकडच्या करंज्या) खाल्ल्याशिवाय काकींनी सोडलं नाही.

शिक्का मारायला गेलो तर तोच क्लार्क म्हणाला, “याची एक झेरॉक्स ठेवून जा, दुसऱ्या कोणाला लागली तर नमुना.”

तेव्हा पोरा, खाण सोडतानाच मॅनेजरची सही घे, आधी ते. आणि हो, त्याच अर्जासाठी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र घेशील तेव्हा नाव दहावीच्या दाखल्यावर आहे तसंच घाल. माझ्या त्यावर वडिलांचं नाव गाळलं होतं. ती रड वेगळीच.