झेंडूचा चेंडू

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या बालवर्गात पाटीपूजन असतं. मी सकाळीच मंडईतून दोन किलो झेंडू आणला होता, मुलं गोल बसून पाकळ्या मोकळ्या करत होती, दोघी-तिघी दोऱ्यात फूल ओवायची खटपट करत होत्या, आणि साडेतीन वर्षांचा एक मुलगा, जो जूनपासून वर्गात जेमतेम दहा वाक्यं बोलला असेल, त्याने एक टपोरं फूल उचललं, वर उडवलं, झेललं आणि म्हणाला, "ताई, झेंडूचा चेंडू!"

मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघतच राहिले, कारण हे मी शिकवलेलं नव्हतं. ही जोडी माझ्या वहीत होती, दुपारच्या खेळासाठी राखून ठेवलेली, पण मी ती बाहेर काढायच्या आधीच त्याच्या कानाने पकडली. आज लिहायला बसले ती त्याच्यामुळेच.

मी सिंहगड रोडला एका छोट्या बालवर्गात शिकवते, साडेतीन ते पाच वर्षांची वीस-बावीस मुलं. यमक जुळणारे शब्द आमच्याकडे असतातच, कारण अक्षरं गिरवायच्या कितीतरी आधी मुलाला हे कळायला लागतं की शब्दाला अर्थ असतो तसा आवाजही असतो, आणि तो आवाज सुटा करता येतो, बदलता येतो. पुढे वाचताना हेच कामाला येतं. मोठ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात शिकवण्यासारखं काय आहे असं वाटतं, पण चार वर्षांच्या मुलासाठी लाडू म्हणजे खायची गोष्ट, त्यातला 'डू' त्याने कधी वेगळा ऐकलेलाच नसतो.

सुरुवातीला मी बाजारातली फ्लॅशकार्ड्स वापरायचे. चित्रं बघा आणि सारखे शब्द जुळवा. मुलं जुळवायची पण लाडूशेजारी चकली ठेवायची, पानाशेजारी फूल, आणि का विचारलं तर शांतपणे सांगायची, दोन्ही दिवाळीला असतात ना. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. चित्र समोर आलं की डोकं अर्थाकडे जातं, आवाजाकडे जातच नाही, त्यामुळे मी चित्रंच बंद केली. आता आधी डोळे मिटायचे, मग फक्त ऐकायचं.

गणपतीत मी ढोलाचा खेळ घेते. प्रत्येकाकडे पत्र्याचा रिकामा डबा आणि एक काडी. मी दोन शब्द म्हणते, जुळले तर डबा वाजवायचा, नाही जुळले तर हात वर. सोंड-तोंड, सगळे वाजवतात. उंदीर-मंदिर, वाजवतात आणि हसतातही. ढोल-गोल, पुन्हा दणका. मग मी मुद्दाम म्हणते ढोल-ताशा, आणि पहिल्या दिवशी अख्खा वर्ग जीव तोडून डबे बडवतो, कारण पुण्यातल्या मुलाला ढोल आणि ताशा कधी वेगळे दिसलेलेच नाहीत! तिथे थांबायचं, चूक म्हणायचं नाही, फक्त हळूच दोन्ही शब्द पुन्हा म्हणायचे, ढो...ल, ता...शा, शेवट सारखा वाजतो का? आणि मग ताशा-माशा, ताशा-भाषा. आता भाषा आपण षटकोनातल्या ष ने लिहितो, पण मुलाचा कान श आणि ष मध्ये फरक करत नाही आणि या वयात करायचीही गरज नाही, यमक कानाचं असतं, लिहिण्याचं नंतर बघू. तसंच एखाद्या घरी पाणीला पानी म्हणतात, तिथलं मूल पानीला नानी जुळवतं आणि ते मी शंभर टक्के बरोबर धरते. त्याच्या घरच्या बोलण्यात ते जुळतंच. ते चूक ठरवलं तर पुढच्या वेळी ते मूल तोंडच उघडणार नाही, आणि हे मी बाकीच्या ताईंनाही नेहमी सांगते.

पण शब्द ओळखणं वेगळं आणि स्वतः जुळवून सांगणं वेगळं, दुसरं खूपच अवघड. मुलं बरोबर ओळखायची पण 'अजून एक सांग' म्हटलं की गप्प. याचं उत्तर मला एका आजींनी दिलं, त्यांना न कळता. नातवाला सोडायला आल्या होत्या, गेटवर मला विचारलं, "ताई, उद्या आरतीला प्रसादबिसाद काही आणायचा आहे का?" आणि मला एकदम लख्ख झालं की अरे, हे तर आपण सगळे दिवसभर करतो! चहाबिहा, लाडूबिडू, पणतीबिणती. शब्दाचं पुढचं टोक काढायचं, तिथे बि लावायचा, मागचं जसंच्या तसं. यमकाची अर्धी करामत आपल्या मराठी घरात आधीच चालू असते आणि मूल ती बोलायला शिकतानाच उचलतं. त्या दिवसापासून मी तिथूनच सुरुवात करते. चकली? बिकली! पणती? बिणती! वर्ग जागा होतो. मग म्हणायचं, आता बि काढा, दुसरं काहीतरी लावा. चकली, बिकली, टकली. लाडू, बिडू, झाडू. एकदा एका मुलीने विचारलं, ताई, बिस्कीटला काय म्हणायचं? मी म्हटलं तूच सांग. ती बराच वेळ ओठ हलवत बसली आणि म्हणाली, "बिस्कीट-फिस्कीट." चार वर्षांची मुलगी, बि ला बि लावून चालत नाही हे तिचं तिला कळलं.

निरर्थक शब्द मी मोजते, सगळे मोजते. संक्रांतीला आम्ही वर्गात बोरन्हाण करतो, बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे सगळं एका परातीत, आणि बोरला जुळणारा शब्द सांगितला की एक मूठ मित्राच्या डोक्यावरून सोडायला मिळते. मोर, चोर, पोर, दोर झालं, मग एकाने 'टोर' म्हटलं. बाकीचे ओरडले टोर म्हणजे काय, असं काही नसतंच. असू दे नसलं तरी, शेवट ऐकलास ना तू, घे मूठ. अर्थ नसलेला शब्द जुळवणारं मूल खरं तर आवाजच ऐकत असतं, पाठ केलेलं म्हणत नसतं.

बाकी सणांचं थोडक्यात सांगते. होळीला पोळी, गोळी, टोळी, झोळी सहज मिळतात. पाडव्याला साखरेची गाठी आणि गुढीची काठी, दोन्ही हातात धरून म्हणायचे. पोळ्याला गोळा, डोळा, सोळा. नाताळला पाताळ जुळतो पण पाताळ मुलांना माहीत नसतं, त्यापेक्षा तारा-वारा-गारा बरं. सुरुवात कान, पान, हार, दार अशा एका दमात संपणाऱ्या शब्दांनी करावी, मावळा-कावळा-आवळा नंतर. आणि पाच-सात मिनिटांच्या वर कधीही ताणू नये.

काही पालक विचारतात की इंग्लिश राइम्स कधी घेणार, पुढे इंग्लिश मीडियमला जायचंय. त्यांची काळजी मला समजते. पण शब्दाचा शेवट ऐकायची सवय कानाला एकदा लागली की ती कॅट-बॅटलाही लागू पडते, आणि ती सवय घरात रोज कानावर पडणाऱ्या भाषेत लवकर लागते. झेंडू त्याच्या हातात आहे, वास नाकात आहे, आईने सकाळी दाराला तोरण लावलंय, तो शब्द त्याला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून सगळं लक्ष आवाजाला देता येतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, दगड, पानं अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूच मुलांच्या हातात दिल्या होत्या. पुण्यात आपल्याला तर दर महिन्याला एक सण नवं सामान आणून देतो.

आता दिवाळीची तयारी. सुट्टी लागायच्या आधी अंगणात किल्ला करतो, माती कालवून, आणि मावळे आणायला मी कसब्यातल्या कुंभारवाड्यात जाते. गेल्या वर्षी मावळा-कावळा झाल्यावर मुलांनी हट्टाने मातीचा एक कावळा करून बुरुजावर बसवला, आणि कावळ्यासमोर एक आवळा. बघायला आलेल्या प्रत्येक पालकाला मुलांनीच हात धरून दाखवलं, हा मावळा, हा कावळा, हा त्याचा आवळा.

फराळाच्या शब्दांची यादी काढताना यंदा मी एका जागी अडकले होते. शेव-देव झालं, लाडू-झाडू झालं, चिवड्याला केवडा मिळाला, पण करंजीला काही मिळेना. दोन दिवस तोच विचार. काल शाळा सुटल्यावर मी वही घेऊन तिथेच जमिनीवर बसून पुटपुटत होते, करंजी, बिरंजी, टरंजी... आमच्या मावशी झाडत झाडत आल्या, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, जरा उठा बघू, सतरंजी उचलायची आहे."