स्थळ कोणी आणलं होतं?

नवऱ्याच्या जाचाला कंटाळून मुलगी माहेरी परत आली की आठ-पंधरा दिवसांत घरातलं कोणीतरी माझ्याकडं येतं. बाप, भाऊ, कधी आत्या. मी निवृत्त समुपदेशक. नोकरी सगळी सांगली-मिरज भागात झाली, त्यामुळं नंबर कोणाकडून तरी मिळतोच. चहा ठेवायच्या आत पहिला प्रश्न येतो: "बाई, जावयाला नक्की कसला आजार हाय?" आणि मोबाइल पुढं धरतात. 'नार्सिसिस्ट नवऱ्याची सात लक्षणं' असला काहीतरी रील. सातपैकी सहा जुळली म्हणे. (लग्नाच्या वेळी छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते. जुळवायची हौस काही आपली जात नाही.)

नार्सिसिस्ट म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात बुडालेला. हा व्यक्तिमत्त्व विकाराचा, म्हणजे स्वभावाची घडणच त्रासाची असण्याचा, एक प्रकार. व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान मानसोपचारतज्ज्ञ त्या माणसाला स्वतः तपासून करतात. बायकोनं सांगितलं म्हणून होत नाही, आणि माझ्या अंदाजानं तर नाहीच नाही. अमेरिकेतल्या वर्गीकरणात या विकाराचे दहा प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ते बहुतेक कप्पे काढून टाकले. विकार सौम्य, मध्यम की तीव्र, हे आधी बघतात. म्हणजे तज्ज्ञच नावांना चिकटून बसलेले नाहीत, आणि आपण रील बघून नाव ठरवतो.

कोर्टातही नुसतं नाव चालत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे खरं, पण राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगितलं की आजाराला नाव आहे एवढ्यानं भागत नाही. त्यापायी सोबत राहणं अशक्य व्हावं इतका तो तीव्र असला पाहिजे. ते सिद्ध करणं सोपं नाही, म्हणून वकील बहुधा क्रूरतेचा मुद्दा घेतात. तिथं आजार लागत नाही. काय केलं, कधी केलं, कोणासमोर केलं, हे लागतं.

म्हणून पहिलं काम वहीचं. तारीख, घटना, साक्षीदार. व्हॉट्सॲपचे मेसेज जसेच्या तसे जपून ठेवायचे. इथंच भाऊलोक घोटाळा करतात. "ताई, कशाला ते वाचत बसतेस?" म्हणून प्रेमानं फोन काढून घेतात, सिम बदलतात, चॅट उडवून मोकळे होतात. त्यात तिचा पुरावा जातो. आणि तिला न विचारता गेला, हे मला जास्त लागतं.

कारण ती जिथून आलीय तिथं तिला काहीच विचारलं जात नव्हतं. पगाराचं कार्ड त्याच्याकडं. भाजी कुठली आणायची तेही तो ठरवणार, आणि आणली की चुकलीच. आज कौतुक, उद्या दोन दिवस अबोला, परवा पाया पडून माफी. अशी चार-पाच वर्षं काढलेली मुलगी वडिलांच्या घरी येऊन विचारते, "पंखा लावू का?" आईच्या पोटात कालवतं. मग घरचे सगळे मिळून तिचं सगळं ठरवायला लागतात. वकील काकांच्या ओळखीचा. नोकरी सध्या नको. माहेरचं नाव परत लावायचं. पोराला इथल्या शाळेत घालायचं. जावयाला मेसेज काय पाठवायचा तो मजकूरही भाऊच लिहितो. हेतू चांगला असतो, पण तिच्या बाजूनं बघा. घर बदललं, ठरवणारी माणसं बदलली. तिनं मात्र पूर्वीसारखंच मान हलवायची.

मी घरच्यांना सांगते, पंख्याला "लाव की" एवढंच म्हणा आणि विषय सोडा. जेवायला काय करू हे तिला विचारा, आणि तिला सुचेपर्यंत थांबा. वकिलाशी तिला बोलू द्या, तुम्ही शेजारी गप्प बसा. बाप लोकांना हे फार जड जातं.

बापाचं दुखणं वेगळंच असतं. घरात तोवर एक खटला सुरू झालेला असतो: हे स्थळ कोणी आणलं? मामीनं. मग मामाकडं जाणं-येणं बंद. आई म्हणते मी तेव्हाच म्हणत होते, बाप म्हणतो तू कधी म्हणालीस? पत्रिका बघणाऱ्या गुरुजींनाही यात ओढलेलं मी पाहिलंय. मुलगी पलीकडच्या खोलीत हे सगळं ऐकते आणि आपल्यामुळं घर मोडलं असा हिशेब मांडते. मामीला काय माहीत होतं? असा माणूस बघण्याच्या कार्यक्रमात छान बोलतो. चार लोक जमवून बैठक घ्याल तर तिथंही तोच छान बोलेल, आणि रडून रडून डोळे सुजलेली मुलगीच वेडी ठरेल. समेटाच्या बैठकांना म्हणूनच माझा विरोध आहे. तिला स्वतःला जायचं असेल तर गोष्ट निराळी.

कायद्यानं भावनिक छळ हा छळच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ स्पष्ट लिहिलाय. 'पण मारलं तर नाही ना' म्हणणाऱ्या आत्यांना हे वाचून दाखवायचं. कलम १९ खाली स्त्रीधन परत मागता येतं, त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्यांची मदत मिळते. भावानं मित्रांना घेऊन, टेम्पो काढून कपाट आणायला जायचं नाही.

लेकराचं थोडक्यात. त्याच्यासमोर बापाला शिव्या नकोत, आजोबांनी तर नकोच. भेटी, फी, औषधं एवढ्यापुरतं जावयाशी बोलणं. लेखी, दोन ओळींत. पलीकडून चार पानी मेसेज आला तरी उत्तर दोनच ओळींचं.

बरं, जावई राक्षस आहे असं मी म्हणत नाही. बॉर्डरलाइन, म्हणजे भावना सारख्या टोकाला जातात त्या प्रकारात, माणसं सुधारतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डीबीटी या बोलण्या-शिकण्याच्या उपचारानं अनेकांना फरक पडतो. पण उपचार त्यानं घ्यायचा, महिनोन्‌महिने, स्वतःच्या पायांनी जाऊन. बायकोनं घरात थांबून तो पूर्ण करायचा नसतो. जिवाचं बरंवाईट करून घेईन अशी धमकी आली तर ती खोटी धरू नका. ११२ ला कळवा, त्याच्या घरच्यांना कळवा, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्यांना द्या. मुलीला मात्र रात्री एकटीला तिकडं धाडू नका.

परवा तासगावच्या एक बाई आल्या, त्या मुलासाठी. सून अशी. बोलताना सारखा पदर तोंडावर. पुरुषाचं ऐकून घेतंय कोण, म्हणाल्या. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याला अर्ज करता येत नाही, हे खरंच आहे. क्रूरतेवरून घटस्फोट मात्र तोही मागू शकतो. बाकी वही, मेसेज, लेकरू, धमक्या, सगळं तसंच. बाईंनी पाऊण तास सगळं सांगितलं. मुलगा कुठाय विचारलं तर खाली गाडीत बसलाय, वर यायला लाजतो. मी म्हटलं, आता तुम्ही गाडीत बसा आणि त्याला वर पाठवा.