रहवासी संघाची सचिव, दुसरं वर्ष

आज नर्मदेच्या पाण्याचा दिवस. आमच्याकडे एक दिवसाआड येतं. नेमकी पहाटेच मोटर जळली. पावणेसहापासून माझ्या दाराची बेल. मिस्त्री शोधून आणला, टाकी भरेपर्यंत खाली उभी राहिले. नर्मदाकाठच्या जलूद गावाहून जवळपास ७० किलोमीटर, घाट चढून हे पाणी इंदूरला येतं, आणि आमच्या चौथ्या मजल्यावर पोचलं नाही म्हणून मला ऐकावं लागलं, "तुम्ही पैसे कशाचे घेता?" मी एक रुपयाही घेत नाही हो! विचारणाऱ्यांचाच ८ महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय. नवी मोटर त्यातूनच आली असती. घशाशी आलेलं गिळलं. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पोहे घेऊन आल्या, म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लं नसशील." तेव्हा मात्र रडूच आलं.