नाव आहे, पत्ता नाही

१५ फेब्रुवारी २०१७ ला सकाळी ९ वाजून २८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३७ उडालं आणि पुढच्या अर्ध्या तासात त्याने १०४ उपग्रह अवकाशात सोडले. आमच्या पॉलिटेक्निकमध्ये पेढे वाटले गेले. पेढा मीही खाल्ला, पण डोक्यात वेगळाच घोळ चालू होता. मला त्या १०४ मधला एकच हवा होता, आणि उरलेले १०३ त्याच्या अवतीभवतीच असणार होते.

मी साताऱ्यात डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर रेडिओवर बोलण्या-ऐकण्याचं, लायसन्स बऱ्याच वर्षांपासून आहे. कॉलेजच्या गच्चीवर उपग्रह ऐकणं हा माझा आणि दोन-चार हौशी मुलांचा उद्योग. त्याला ग्राउंड स्टेशन वगैरे म्हणण्याइतकं काही नाही. पीव्हीसी पाइपवर सुताराच्या स्टीलच्या मेजर टेपचे तुकडे बसवून केलेली, एका दिशेला रोखायची यागी अँटेना, सॉफ्टवेअरच्या मदतीने चालणारा पेन ड्राइव्हएवढा एक एसडीआर रिसीव्हर, आणि लॅबमधला त्यातल्या त्यात बरा लॅपटॉप. टेपचा फायदा असा, की जिन्याच्या दारात अँटेना अडकली तर पाती वाकतात आणि सोडली की पुन्हा सरळ होतात. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं तसं नसतं.

हवा होता तो नायिफ-१. संयुक्त अरब अमिरातीचा, दहा सेंटिमीटरचा घन, वजन साधारण किलोभर. दुबईचं मोहम्मद बिन राशिद स्पेस सेंटर आणि शारजाच्या अमेरिकन विद्यापीठातली मुलं यांनी मिळून केलेला. आतला रेडिओ फनक्यूब घराण्यातला, म्हणजे ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या हॅम संघटनांनी घडवलेला. १४५.९४० मेगाहर्ट्झवर तो बॅटरीचे व्होल्ट, सौर पट्ट्यांचा करंट, आतलं तापमान असं सगळं सांगत फिरणार होता, आणि ते जगात कोणीही ऐकावं हीच त्यामागची कल्पना. विद्यार्थ्यांनी केलेला उपग्रह विद्यार्थ्यांना ऐकवावा म्हणून मी तो निवडला. त्याच रॉकेटवरच्या ७१४ किलोच्या कार्टोसॅट-२डी शी आमचा संबंध नव्हता आणि त्या ८८ ‘डव्ह’ उपग्रहांशीही नव्हता. त्यांची बोलणी हॅमसाठी राखलेल्या फ्रीक्वेन्सींच्या बाहेर.

पहिला पास, म्हणजे उपग्रहाची आपल्या आकाशातून एक फेरी, उड्डाणानंतर दीडेक तासाने होता, पण पश्चिमेला क्षितिजापासून जेमतेम नऊ-दहा अंशांवरून. साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर उभा आहे. तेव्हा त्या पासकडून मी काही अपेक्षा ठेवली नव्हती, आणि तो तसाच गेला. खरा पास रात्री साडेनऊच्या सुमाराला. हे उपग्रह सूर्याशी जुळवून घेतलेल्या ध्रुवीय कक्षेत, साधारण ५०६ किलोमीटरवर होते. आपल्याकडे ते सकाळी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणार आणि रात्री दक्षिणेकडून उत्तरेकडे.

रात्री गच्चीवर गेलो तर वॉटरफॉलवर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर सिग्नल रेघांसारखे दिसतात तिथे, नुसता गोंधळ. १४५ च्या आसपास पाच-सहा जाड रेघा, हलत्या, रुंद. उपग्रह अजून क्षितिजाखालीच होता, म्हणजे ही कुठल्यातरी जमिनीवरच्या वस्तूची मेहेरबानी. एका मुलाने अँटेना फिरवत फिरवत जिन्याच्या डोक्यावरच्या एलईडी दिव्याकडे रोखली, आणि रेघा उजळल्या. स्वस्त दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारी सर्किटं, असा कचरा फेकतात. वॉचमन मामांना खाली हाक मारली, ‘मामा, गच्चीचा दिवा बंद करा!’ त्यांनी दिवा घालवला आणि बॅटरी घेऊन स्वतःच वर आले, अंधारात पोरं काय करताहेत ते बघायला. त्यानंतर ते शेवटपर्यंत थांबले.

आग्नेयेकडून सिग्नल आला. कानाला तो फारसा आकर्षक नसतो. मधमाशी डबीत कोंडल्यासारखी बारीक खरखर. पण पडद्यावर फिकट पट्टा उमटला, फनक्यूबच्या डॅशबोर्ड सॉफ्टवेअरने त्याला पकडलं, आणि थोड्या वेळाने पहिली फ्रेम, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, उलगडली. प्रत्येक फ्रेममध्ये उपग्रहाची ओळख असते. नायिफ-१. मुलं ओरडली. मामांनी विचारलं, ‘दुबईवरनं बोलतोय का?’ मी म्हटलं, ‘नाही मामा, आत्ता बंगालच्या उपसागराच्या बाजूने चाललाय.’

इथपर्यंतचं काम सोपं. पुढचा प्रश्न त्याच मुलाने विचारला, ज्याने दिवा शोधला होता. ‘सर, हा नायिफ आहे हे कळलं. पण तो त्या घोळक्यात नेमका कुठे आहे, हे कसं कळणार?’

अमेरिकन लष्कराचं रडारचं जाळं अवकाशातल्या वस्तू मोजतं आणि प्रत्येकीच्या कक्षेचे आकडे दोन ओळींत देतं. त्यालाच आम्ही टीएलई म्हणतो. पण रडारला फक्त ठिपका दिसतो. त्या ठिपक्याचं नाव काय, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून नव्या वस्तू यादीत येतात त्या ऑब्जेक्ट ए, ऑब्जेक्ट बी अशा. आमच्याकडे बरोब्बर उलटं. फ्रेममध्ये नाव आहे, पत्ता नाही. रडारकडे शंभरच्या वर पत्ते, नाव एकावरही नाही. ही जोडी लावणं म्हणजे उपग्रह ओळखणं, आणि खरी मेहनत तिथे असते.

अँटेना रोखून हे होत नाही. आमच्या यागीला समोरचं निम्मं आकाश एकाच वेळी दिसतं, आणि घोळक्यातले उपग्रह सुरुवातीला एकमेकांच्या मागेपुढे काही किलोमीटरवर. उपयोगी पडतं ते घड्याळ. उपग्रह जवळ येताना त्याची फ्रीक्वेन्सी चढलेली ऐकू येते, लांब जाताना उतरलेली. १४५.९४० वर हा फरक दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत जातो. मध्ये एक क्षण असा, की उपग्रह आपल्याला सगळ्यात जवळ असतो आणि फ्रीक्वेन्सी सगळ्यात झपाट्याने घसरते. त्या रात्रीच्या पासला ती सेकंदाला पंचवीसेक हर्ट्झने घसरत होती. तो क्षण सेकंदाच्या आत पकडता आला, तर उपग्रहाची कक्षेतली जागा सात-आठ किलोमीटरच्या आत कळली.

मुलांना आधी वाटायचं की मोजलेली फ्रीक्वेन्सी गणिताशी जुळवायची. ते चालत नाही. उपग्रहाचा ऑसिलेटर थंडी-उन्हाने इकडे-तिकडे सरकतो, आपला रिसीव्हरही काही साधुसंत नाही. आकड्यावर विश्वास नाही ठेवायचा, फ्रीक्वेन्सी घसरते त्या आलेखाच्या वळणावर ठेवायचा. वळणाचा मध्य कधी आला, एवढंच खरं. म्हणून माझा एक नियम आहे: लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवल्याशिवाय रेकॉर्डिंगच्या बटणाला हात लावायचा नाही. मुलं कंटाळतात. पण घड्याळ दोन सेकंद चुकलेलं असेल तर रेकॉर्डिंग कितीही स्वच्छ असो, त्याचा उपयोग फक्त रिंगटोन म्हणून.

पहिल्याच रात्री जोडी लावण्यात अर्थ नव्हता. रॉकेटवरून सुटताना प्रत्येकाला थोडा वेगळा धक्का मिळतो. पुढच्या दिशेने सेकंदाला एक मीटरचा जास्तीचा धक्का मिळाला, तर कक्षा किंचित मोठी होते, आणि गंमत म्हणजे तो उपग्रह पुढे न जाता मागे पडत जातो. रोज साधारण अडीचशे किलोमीटर, म्हणजे आपल्या डोक्यावर रोज तीस-पस्तीस सेकंद उशिरा. काही दिवस थांबलं की घोळक्याची लांबलचक रांग होते. तोवर आम्ही जमतील ते पास रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर टाकत गेलो.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी अर्ध्या दिवसानंतर लॅब मोकळी होती. तेवढ्यात रडारचे आकडेही पुरेसे आले होते. एका मुलीने सगळ्या वस्तूंचे टीएलई सॉफ्टवेअरमध्ये भरले आणि आदल्या रात्रीच्या पासला त्यातली प्रत्येक वस्तू साताऱ्याच्या सगळ्यात जवळ कधी होती, याची यादी काढली. दुसऱ्याने वॉटरफॉलवरून दर काही सेकंदांनी पट्ट्याचा मध्य वाचून एक्सेलमध्ये घातला आणि त्यातून वळण बसवलं. मग खडूने फळ्यावर वजाबाकी. दहा सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तो बाद. यादीतली नावं इतक्या भराभर पुसली जात होती, की मुलांना मजा वाटायला लागली. रॉकेटचा शेवटचा टप्पासुद्धा यादीत होता, तोही पुसला.

शेवटी फळ्यावर दोन उरल्या. दोन्हींमधला फरक एवढा कमी, की आमच्या मोजणीच्या चुकीत तो विरघळून जात होता. एकीचा आकडा आमच्या मोजणीला किंचित जवळ होता आणि मुलांचा कौल तिकडे. मी म्हटलं, किंचितवर आपण बोलत नाही.

गोव्यातले एक ज्येष्ठ हॅम आमच्या ओळखीचे. त्यांना फोन लावला, त्यांच्याकडचं त्याच रात्रीचं रेकॉर्डिंग मिळेल का म्हणून. ते म्हणाले, ‘देतो की, पण त्याने काय होणार? माझ्याकडूनही ते दोघं एकमेकांना चिकटलेलेच दिसणार. जुनं काही आहे का तुमच्याकडे?’

मुद्दा लख्ख होता. काल रात्री त्या दोन वस्तू शेजारी होत्या, पण दोघींच्या सरकण्याचा वेग एक नव्हता. एक दुसरीला ओलांडत चालली होती. म्हणजे तीन-चार दिवसांपूर्वी त्या एकमेकींपासून चांगल्या लांब असणार. पेन ड्राइव्हवरून आठवड्याच्या मधल्या एका पासचं रेकॉर्डिंग काढलं. सिग्नल वाईट होता, मध्येच तुटलेला, एकही फ्रेम धड उलगडली नव्हती; डिकोड करणाऱ्याच्या दृष्टीने कचराच. पण वळणाचा मधला भाग शाबूत होता आणि घड्याळ जुळवलेलं होतं. टीएलई मागच्या तारखेला नेऊन बघितलं. एका वस्तूचा मेळ पुन्हा बसला, सेकंदाच्या आसपास. दुसरी अर्ध्या मिनिटाने चुकली. आणि चुकली ती ‘किंचित’ जवळची होती, मुलांनी कौल दिलेली.

उरला तो रडारवाल्यांच्या यादीतला कॅटलॉग क्रमांक ४२०१७. एका मुलाला हे एवढं खरं वाटलं नाही, त्याने आणखी दोन जुने पास काढून तपासले. मेळ तसाच. मग कोणी काही बोललं नाही, चहा मागवला.

आम्ही जगात पहिले वगैरे मुळीच नव्हतो. हेच काम त्याच दिवसांत ठिकठिकाणचे हॅम करत होते, आमच्यापेक्षा चांगल्या अँटेना आणि सॉफ्टवेअर घेऊन. आज कॅटलॉगमध्ये ४२०१७ समोर नायिफ-१ असंच नाव आहे, आंतरराष्ट्रीय क्रमांक २०१७-००८बीएक्स. ए पासून मोजत कोणी बीएक्सपर्यंत गेलं तर त्याला सत्तरावी वस्तू मिळेल, पण आय आणि ओ ही अक्षरं गाळली तरच. एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून ती वापरतच नाहीत. हे त्या मुलीने शोधून काढलं, कारण तिचा आकडा आधी जमत नव्हता. नायिफला पुढे एमिरेट्स-ऑस्कर ८८ असं हॅम जगाचं नावही मिळालं. २०२३ मध्ये तो वातावरणात जळून गेला.

सोमवारी मुलांनी दोन्ही वस्तूंचे आलेख एकावर एक छापून नोटीस बोर्डवर लावले. एचओडींनी चष्मा वर करून ते बराच वेळ बघितले आणि मला केबिनमध्ये बोलावलं. ‘छान आहे. पण याचे मार्क कुठे धरायचे?’ सिलॅबसमध्ये उपग्रहाचा धडा होता, पण उपग्रह ओळखण्याचं प्रात्यक्षिक कुठेच नव्हतं. शेवटी कम्युनिकेशनच्या टर्म वर्कमध्ये एका प्रयोगाच्या जागी हा धरला. जर्नलमध्ये ‘साहित्य’ या रकान्यात मुलांनी मेजर टेप लिहिलं, आणि बाहेरच्या परीक्षकांनी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह केलं.